म्हशीच्या चामड्यावरील दोष कॅमेरा आणि कृत्रिम बुद्धिमत्तेने ओळखता येतील का? सुरुवात कोठून करावी?

कोल्हापूर_घाऊक (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. आमचा कोल्हापुरात कमावलेल्या चामड्याचा घाऊक व्यापार आहे. म्हशीचे क्रोम पद्धतीने कमावलेले वेट ब्ल्यू (कमावल्यानंतरचे ओले, निळसर चामडे) आणि क्रस्ट (वाळवलेले, पण शेवटचा लेप न चढवलेले चामडे) आम्ही मुख्यतः तामिळनाडूतून मागवतो, आणि चपलांच्या तळासाठी लागणारे, बाभळीची साल व हिरडा वापरून कमावलेले जाड चामडे आमच्याच भागातून घेतो. आलेल्या प्रत्येक साइडची (पाठीवरून उभे कापलेल्या अर्ध्या कातड्याची) प्रतवारी आमच्याकडे दोन अनुभवी माणसे हाताने करतात. दोघेही कामात तरबेज आहेत. तरीही एकाने दुसऱ्या प्रतीत ठेवलेली साइड दुसरा तिसऱ्या प्रतीत ठेवतो, आणि संध्याकाळी उजेड कमी झाला की हा फरक वाढत जातो. पुरवठादारांशी होणारे आमचे बहुतेक वाद या एका प्रतीच्या फरकावरूनच होतात.

मी स्वतः संगणक शाखेचा अभियंता आहे. ब्राझीलमधील काम्पो ग्रांदे येथील कॅथॉलिक विद्यापीठ आणि तेथील कृषी संशोधन संस्था एम्ब्रापा यांनी या शतकाच्या पहिल्याच दशकात कच्च्या कातड्यावरील व वेट ब्ल्यूवरील गोचिडाचे चावे, डागण्या, खरूज आणि काप संगणकाने ओळखण्याचा प्रकल्प केला होता, असे वाचले. २०१९ च्या सुमारास तैवानमधील संशोधकांनी रोबोच्या हाताला कॅमेरा बसवून गोचिडाच्या चाव्यांच्या सीमा आखण्याचे काम केल्याचेही वाचनात आले. म्हणजे कल्पना नवी नाही. मग आपल्याकडच्या मध्यम आकाराच्या गोदामात ती प्रत्यक्षात आणायची झाल्यास कोणत्या टप्प्यावरच्या चामड्याची छायाचित्रे घ्यावीत, चांगल्या मोबाइलच्या कॅमेऱ्याने काम भागेल का, आणि शेवटी यंत्राने थेट प्रत सांगावी अशी अपेक्षा ठेवणे योग्य आहे का, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

राणीपेट_असॉर्टिंग

मी राणीपेट भागातील टॅनऱ्यांमध्ये बऱ्याच वर्षांपासून असॉर्टिंगचे, म्हणजे प्रतवारीचे, काम पाहतो. त्यामुळे यंत्र कसे असावे याबद्दल बोलण्याचा मला अधिकार नाही. यंत्राने काय पाहावे, एवढेच लिहितो.

प्रथम टप्प्याबद्दल. मीठ लावलेल्या केसाळ कच्च्या कातड्यावर कॅमेरा लावण्याच्या फंदात पडू नये, कारण ज्या दाण्याचे (केसांच्या बाजूच्या पृष्ठभागाचे) आपण पैसे मोजतो तो केसांखाली, मिठाखाली आणि वाळलेल्या शेणाखाली असतो. चुन्याच्या प्रक्रियेत केस उतरल्यावर दोष उघडे पडतात खरे, परंतु त्या अवस्थेत कातडे फुगलेले आणि निसरडे असते, आणि त्याला फार वेळ बाहेर ठेवताही येत नाही. क्रोममध्ये कमावून आणि यंत्रात पाणी पिळून काढल्यावर जे वेट ब्ल्यू हाती येते, ते मात्र सपाट पसरते, त्याचा फिकट निळा रंग बऱ्यापैकी एकसारखा असतो आणि त्यावर अजून कोणताही लेप चढलेला नसतो. प्रतवारीची मुख्य बैठक या टप्प्यावर होते ती यामुळेच. क्रस्टवर ती पुन्हा एकदा होते. फिनिशिंगनंतर शोधण्यात फारसा अर्थ उरत नाही, कारण खालच्या प्रतीच्या चामड्याचा दाणा घासून त्यावर रंगद्रव्याचा जाड लेप देण्याचा उद्देशच मुळी दोष झाकण्याचा असतो.

आता दोषांबद्दल. जनावर जिवंत असताना होणारे दोष सर्वांत जास्त असतात: काटेरी तारेचे आणि शिंगांचे ओरखडे, गोचिडाचे चावे, उपचार म्हणून दिलेल्या डागण्या, ओढकामाच्या रेड्याच्या मानेवर जुवामुळे पडलेला घट्टा. यांत उघडा ओरखडा आणि भरून आलेला ओरखडा हे दोन वेगळे दोष मानावेत. भरून आलेल्या जागी दाण्याची ठेवण बदललेली असते, पण पृष्ठभाग सलग असतो. रंग दिल्यावर तो कित्येकदा चालून जातो. उघड्या ओरखड्यावर रंग जास्त शोषला जातो आणि काळी रेघ उमटते. त्यानंतर सोलतानाचे काप. हे मांसाच्या बाजूला असतात, दाण्याच्या बाजूने पाहणाऱ्या कॅमेऱ्याला त्यांचा पत्ताही लागत नाही, आणि जाडी मात्र तेवढ्या जागी निम्म्यावर आलेली असू शकते. म्हणून दोन्ही बाजू पाहाव्या लागतील, हे आधीच हिशेबात धरावे.

तिसरा प्रकार साठवणुकीचा. उन्हाळ्यात सोललेल्या कातड्याला काही तासांच्या आत, ताज्या वजनाच्या साधारण ४० ते ५० टक्के मीठ लागले पाहिजे. उशीर झाला की केसांची मुळे सैल होतात, दाणा सूक्ष्म खड्ड्यांनी खचतो, आणि हे खड्डे वेट ब्ल्यूवर तिरप्या उजेडातच दिसतात. मिठातही तग धरणाऱ्या जीवाणूंमुळे लालसर डाग पडतात, ते वेगळे. आपोआप मेलेल्या जनावराच्या कातड्यातून रक्त नीट वाहून गेलेले नसते, त्यामुळे शिरांचे जाळे चामड्यावर स्पष्ट उमटते. महाराष्ट्रात २०१५ पासून बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी असल्यामुळे तेथून येणाऱ्या गोवर्गीय कातड्यात मेलेल्या जनावरांचे प्रमाण अर्थातच मोठे असते. तुमचा माल म्हशीचा आहे, म्हणून तुम्हाला हे कमी भेटेल.

मात्र दोष नसलेल्या गोष्टींची यादीही यंत्राला तितकीच नीट शिकवावी लागेल. मानेच्या सुरकुत्या, पोटाकडची सैल ठेवण, म्हशीचा मुळातच खडबडीत आणि विरळ केसांच्या छिद्रांचा दाणा, हे सर्व निसर्गाचे आहे. गाईच्या चामड्यावर शिकलेले यंत्र म्हशीच्या चामड्यासमोर आणले तर ते अख्खी साइडच लाल रंगवून ठेवेल, अशी मला भीती वाटते.

शेवटचा मुद्दा प्रतीचा. एकच चावा पाठीच्या मधल्या भागात असेल तर साइड एक प्रत खाली जाते. तोच चावा पोटाच्या कडेला असेल तर आम्ही त्याकडे पाहतही नाही. शिवाय प्रत ठरवताना आम्ही चामडे दाणा आत ठेवून दुमडतो आणि सुरकुत्या बारीक पडतात की ढोबळ, यावरून दाणा सैल आहे का हे पाहतो. बोटांना कळणारी ही गोष्ट छायाचित्रात येत नाही. तेव्हा यंत्राने दोषांचा नकाशा द्यावा आणि प्रत माणसाने ठरवावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रकाश_आणि_भिंग (पुणे)

मी कारखान्यांत तपासणीचे कॅमेरे बसवण्याचे काम करतो. चामड्याचे काम थोडे केले आहे. बरेचसे काम कापड आणि धातूच्या पत्र्यांचे. परंतु प्रश्नाचा गाभा तोच आहे, आणि तो कृत्रिम बुद्धिमत्तेचा नसून आधी प्रकाशाचा आणि अंकगणिताचा आहे.

मोबाइलचा हिशेब करून पाहू. म्हशीची साइड ज्या चौकटीत मावते ती २.२ मीटर लांब आणि १.१ मीटर रुंद धरू. १.२ कोटी बिंदूंचे (पिक्सेलचे) छायाचित्र लांबीकडून ४,००० बिंदूंचे असते. म्हणजे एका बिंदूत ०.५५ मिलिमीटर चामडे येते. दोन मिलिमीटरचा चावा चार बिंदूंत संपतो आणि ०.२ मिलिमीटर रुंदीचा उघडा ओरखडा तर दिसतच नाही. जो दोष पकडायचा त्याच्या रुंदीत किमान दोन बिंदू यावेत असे धरले, तर ०.१ मिलिमीटरला एक बिंदू हवा. मग त्याच साइडचे चित्र २२,००० गुणिले ११,००० बिंदूंचे, म्हणजे २४ कोटींहून अधिक बिंदूंचे होते. मोबाइल एखाद्या तुकड्याची नोंद ठेवण्यास उत्तम, पण सबंध साइड तपासण्यास अपुरा आहे. त्यात त्याचे सॉफ्टवेअर छायाचित्र आपोआप गुळगुळीत करते आणि उजळवते, तो आणखी एक उपद्रव.

या कामासाठी लाइन स्कॅन कॅमेरा वापरतात. तो एका वेळी एकच ओळ टिपतो आणि पट्ट्यावरून चामडे पुढे सरकत गेले की ओळींवर ओळी रचून संपूर्ण चित्र तयार होते. ८,००० बिंदूंचे दोन कॅमेरे थोडे एकमेकांवर येतील असे बसवले तर १.१ मीटर रुंदी सहज भागते. पट्टा मिनिटाला १२ मीटर, म्हणजे सेकंदाला २०० मिलिमीटर वेगाने चालत असेल, तर सेकंदाला २,००० ओळी टिपाव्या लागतील. आजच्या कॅमेऱ्यांना हे कठीण नाही. एक साइड ११ सेकंदांत पूर्ण होते. खरी अडचण अशी की प्रत्येक ओळीला अर्ध्या मिलिसेकंदापेक्षाही कमी वेळ मिळतो, म्हणून एलईडीचा प्रखर आणि एकसारखा पट्टा लागतो. पट्ट्याच्या रोलरला एन्कोडर (रोलर किती फिरला हे स्पंदनांनी कळवणारे उपकरण) जोडून त्याच्या स्पंदनांवर कॅमेरा चालवावा. अन्यथा पट्टा जरा रेंगाळला की चावे लांबट दिसू लागतात.

प्रकाशाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण येथे केलेली काटकसर पुढे कोणतीही गणिती करामत भरून काढत नाही. सर्व बाजूंनी पसरलेला मऊ प्रकाश डाग, लाल ठिपके, रंगातील फरक दाखवतो आणि उंचसखलपणा पुसून टाकतो. पृष्ठभागाशी १० ते २० अंशांचा कोन करून टाकलेला प्रकाश याच्या अगदी उलट वागतो: ओरखडे, खड्डे, भरून आलेले व्रण सावल्यांमुळे उठून दिसतात, पण म्हशीच्या दाण्यातील प्रत्येक छिद्रही सावली टाकू लागते. दोन्ही हवे असतील तर एका ओळीला एक दिवा आणि पुढच्या ओळीला दुसरा, असे आळीपाळीने लुकलुकवावेत, म्हणजे एकाच फेरीत दोन स्वतंत्र चित्रे मिळतात; ओळींचा वेग मात्र दुप्पट, सेकंदाला ४,००० ठेवावा लागतो. तिरपा प्रकाश दोन विरुद्ध दिशांनी देता आला तर आणखी उत्तम, कारण खरा खड्डा दोन्ही चित्रांत सावलीची बाजू बदलतो आणि डाग बदलत नाही.

वेट ब्ल्यूमध्ये निम्म्याहून अधिक पाणी असते, त्यामुळे ते चकाकते. दिव्यावर एक आणि कॅमेऱ्यावर त्याला काटकोनात दुसरा ध्रुवीकरण फिल्टर लावला की ही चकाकी जवळजवळ नाहीशी होते. प्रकाशही बराच खाल्ला जातो, म्हणून दिवे त्या मानाने घ्यावेत. क्रोमचा निळेपणा ४२० आणि ५८० नॅनोमीटरच्या आसपासच्या शोषणामुळे येतो. ८५० नॅनोमीटरच्या अवरक्त प्रकाशात हे शोषण फारच कमी असल्यामुळे क्रोम कमीजास्त बसल्याने झालेला रंगफरक फिका पडतो, आणि पृष्ठभागाचा खरा दोष मागे राहतो. एका साध्या एकरंगी कॅमेऱ्याला हे जमते. शेकडो तरंगलांबींचा हायपरस्पेक्ट्रल कॅमेरा घेण्याचा मोह मात्र तूर्त टाळावा. त्याची किंमत आणि त्यातून निघणाऱ्या माहितीचा ढीग, दोन्ही गोदामाला झेपणारे नाहीत.

सोलतानाच्या कापांचा मुद्दा राणीपेटच्या जाणकारांनी योग्य मांडला आहे. शेळीचे पातळ क्रस्ट काचेच्या प्रकाशित टेबलावर पसरले तर भोके आणि पातळ झालेल्या जागा खालून येणाऱ्या प्रकाशात आपोआप चमकतात. म्हशीच्या जाड चामड्यातून प्रकाश पार जात नाही, तेथे दुसरी बाजू वेगळी टिपण्यावाचून गत्यंतर नाही.

पशुवैद्य_मराठवाडा

चर्चा चामड्याची आहे, तरी या दोषांचे उगमस्थान गोठ्यात आहे म्हणून दोन गोष्टी नोंदवतो.

२०२२ मध्ये लंपी त्वचारोगाची मोठी साथ आली. त्याचा विषाणू मेंढ्यांच्या आणि शेळ्यांच्या देवीच्या विषाणूंच्याच गटातला आहे. गाठी त्वचेच्या पूर्ण जाडीपर्यंत खोल जातात, जनावर वाचले तरी व्रण राहतात आणि पुढे चामड्यात खोलगट गोल जागा उमटतात. साथीचा तडाखा मुख्यतः गाई-बैलांना बसला, म्हशींना त्या मानाने कमी. उस्मानाबादीसारख्या शेळ्यांच्या कातड्यांचा व्यवहार करणाऱ्यांनी देवीच्या व्रणांसाठी वेगळा वर्ग ठेवावा. गोचिडाच्या चाव्यांशी ते सहज मिसळले जातात, पण चावे कानामागे, कासेजवळ, मांड्यांच्या आत अशा मऊ जागी दाटीने असतात आणि व्रण तुलनेने मोठे व विखुरलेले असतात. दोषाची जागा हीसुद्धा यंत्राला देण्याजोगी माहिती आहे.

दुसरे असे की आज जनावरांच्या कानात १२ अंकी क्रमांकाचा बिल्ला असतो, परंतु कत्तलखान्यात डोके वेगळे झाले की बिल्ला आणि कातडे यांची ताटातूट होते. कातड्याच्या कडेला भोकांच्या स्वरूपात क्रमांक पाडला तर तो कमावण्याच्या प्रक्रियेतून टिकून राहतो. तसे झाले तर कोणत्या भागातून कोणत्या हंगामात चाव्यांचा माल जास्त येतो, हे सांगता येईल आणि गोचीड नियंत्रणाची मोहीम नेमकी आखता येईल. एकट्या घाऊक व्यापाऱ्याच्या आवाक्यातली ही गोष्ट नाही, हे मान्य आहे.

कोल्हापूर_घाऊक

सर्वांचे मनापासून आभार. यंत्राकडून नकाशा घ्यावा आणि प्रत माणसाकडे ठेवावी, हे पटले. आता दोन शंका उरतात. चामड्याच्या दोषांचा एक खुला चित्रसंच महाजालावर आहे आणि त्यावर जवळजवळ शंभर टक्के अचूकता मिळवणारी तयार प्रारूपेही (मॉडेल) आहेत. मग ती थेट वापरण्यात अडचण काय? आणि ती चालत नसतील, तर आमची स्वतःची चित्रे किती लागतील व त्यांवर खुणा कोणी करायच्या, जेव्हा आमच्या दोन माणसांचेच एकमत होत नाही?

विदाकार

आपण ज्या संचाबद्दल म्हणता तो बहुधा म्युनिकच्या एमव्हीटेक कंपनीने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेला असावा. त्यात १५ प्रकारच्या वस्तू आणि पृष्ठभाग आहेत, चामडे हा त्यांपैकी एक. चामड्याची २४५ निर्दोष चित्रे शिकण्यासाठी, आणि चाचणीसाठी ३२ निर्दोष व ९२ सदोष चित्रे त्यात आहेत. सदोष चित्रांतील प्रकार पाहिले की आपल्या शंकेचे निरसन होते: रंगाचा डाग, काप, घडी, गोंद आणि टोचल्याची खूण. एकाच प्रकारच्या तयार चामड्याच्या तुकड्यांवर हे दोष मुद्दाम केलेले आहेत. त्यात गोचीड नाही, भरून आलेला ओरखडा नाही, मान नाही आणि पोटही नाही. त्या संचावर पूर्ण गुण मिळवणे सोपे आहे, आणि म्हणूनच ते गुण तुमच्या गोदामाबद्दल काहीही सांगत नाहीत. शिवाय त्याचा परवाना व्यापारी वापरास मनाई करतो, हे व्यापाऱ्याने तरी विसरू नये.

अशा प्रारूपांची रीत अशी असते की फक्त निर्दोष चित्रे दाखवून ‘नेहमीचे’ काय ते शिकवायचे आणि त्याहून जे वेगळे दिसेल ते दोष मानायचे. कारखान्यात साच्यातून निघालेल्या वस्तूंना ही रीत शोभते. एका जनावराची मान दुसऱ्या जनावराच्या मानेसारखी नसते. त्यामुळे ‘नेहमीचे’ याची व्याख्याच सैल होते आणि प्रत्येक सुरकुती संशयित ठरते. तुमच्या कामासाठी चित्रातील प्रत्येक बिंदूला वर्ग देणारी पद्धत घ्यावी. २०१५ मध्ये जर्मनीतील फ्रायबर्ग विद्यापीठात वैद्यकीय चित्रांसाठी तयार झालेली यू-नेट ही रचना या कामाला आजही पुरेशी आहे. तिच्याहून नवे आणि अवजड काही शोधत बसण्यात जो वेळ जाईल, तो खुणा तपासण्यात घालवणे अधिक फायद्याचे.

खुणांबद्दल. दोन माणसांचे प्रतीवर एकमत होत नाही, याचा अर्थ दोषावर एकमत होत नाही असा नसतो. दोघांनाही तीच साइड स्वतंत्रपणे द्यावी आणि प्रत न विचारता फक्त दोषांच्या सीमा आखून घ्याव्यात. बहुतेक ठिकाणी सीमा जुळतील. जेथे जुळणार नाहीत तेथे तिसऱ्याचे मत घ्यावे, आणि तरीही न सुटलेल्या जागांना ‘अनिश्चित’ असा वेगळा वर्ग देऊन त्या शिकवणीतून वगळाव्यात. वर्ग मोजकेच ठेवावेत: भोक व काप, उघडा ओरखडा, भरून आलेला ओरखडा, चावा व व्रण, डाग, आणि सुरकुत्या व शिरा यांचा एक वर्ग, जो दोष म्हणून नव्हे तर दोषांशी गल्लत होऊ नये म्हणून. पशुवैद्यांनी सुचवलेला देवीचा वर्ग म्हशीच्या मालात इतका क्वचित येईल की यंत्र तो शिकणारच नाही.

किती चित्रे, याचे उत्तर साइडमध्ये द्यावे लागते, तुकड्यांमध्ये नव्हे. वर सांगितलेल्या २४ कोटी बिंदूंच्या चित्राचे ५१२ गुणिले ५१२ आकाराचे तुकडे केले तर एका साइडचे ९०० हून अधिक तुकडे पडतात, आणि शंभर साइडमध्येच लाखभर चित्रे जमल्याचा भास होतो. प्रत्यक्षात ती शंभरच जनावरे असतात. शिकवणीचा आणि चाचणीचा संच वेगळा करताना एकाच साइडचे तुकडे दोन्हीकडे गेले, तर यंत्र त्या जनावराचा दाणाच ओळखू लागते आणि गुण खोटे वाढतात. किंबहुना संपूर्ण लॉटच (एका वेळी एकत्र कमावून आलेला माल) एका बाजूला ठेवावा, कारण एका लॉटचा रंग आणि ओलावा सारखा असतो. सुरुवातीला वेगवेगळ्या पुरवठादारांच्या आणि वेगवेगळ्या हंगामांतल्या दोन-तीनशे साइड नीट खुणा करून मिळाल्या, तर त्या एकाच लॉटच्या हजार साइडपेक्षा मोलाच्या ठरतील, असे मी म्हणेन.

यशाचे मोजमाप टक्क्यांत करू नये. निर्दोष तुकड्यांपैकी हजारात एकच चुकीचा पकडला गेला, तर ती ९९.९ टक्के अचूकता झाली. पण एका साइडचे ९०० तुकडे असल्यामुळे व्यवहारात जवळजवळ प्रत्येक साइडवर एक खोटा दोष आला. म्हणून दर चौरस फुटामागे किती खोटे दोष आणि प्रत्येक वर्गातले किती खरे दोष निसटले, हे दोनच आकडे वेगवेगळे ठेवावेत. भोक निसटणे आणि फिकट डाग निसटणे यांची किंमत सारखी नाही, त्यामुळे प्रत्येक वर्गाचा उंबरठाही (किती खात्री झाल्यावर यंत्राने दोष म्हणायचे ती पातळी) वेगळा असावा.

राणीपेट_असॉर्टिंग

विदाकारांचे म्हणणे मला मान्य आहे. फक्त एका ठिकाणी हरकत घेतो. सुरकुत्यांना सरसकट ‘दोष नव्हे’ म्हणून बाजूला टाकू नये. पर्सच्या किंवा बुटाच्या वरच्या भागासाठी घेणारा ग्राहक मानेच्या ढोबळ सुरकुत्यांचे पैसे कापतो, तळासाठी घेणारा कापत नाही. तेव्हा वर्ग तसाच ठेवावा, पण तो नकाशात दिसू द्यावा आणि कोणत्या मालासाठी तो मोजायचा हे नंतर ठरवावे. एकाच नकाशावरून बुटाच्या दुकानदाराची प्रत वेगळी आणि चपलेच्या कारागिराची वेगळी निघेल, आणि त्यात काहीही विसंगत नाही.

दुसरी गोष्ट व्यापाराची आहे, तरी विषयाला धरूनच आहे. असे यंत्र फक्त खरेदीदाराकडे असले तर ते भाव पाडण्याचे हत्यार होते. पूर्वी जे चावे नजरेतून सुटत आणि ज्यांचा पुढे कोणालाही त्रास होत नसे, तेही आता लाल ठिपक्यांनी मोजले जातील आणि तोच माल अचानक हलका ठरेल. आमच्याकडे टेबल रन, म्हणजे न निवडता जसा निघेल तसा माल विकण्याचीही पद्धत आहे. त्या भावात हे सर्व बारीक दोष आधीच धरलेले असतात. म्हणून पहिले काही महिने यंत्राचा नकाशा भावाशी जोडू नये, आणि जोडाल तेव्हा प्रत्येक साइडचा नकाशा पुरवठादारालाही पाठवावा. त्याला आपल्या मालातले काप सोलणाऱ्याच्या सुरीचे आहेत की तारेचे, हे कळले तर पुढचा लॉट सुधारण्याची निदान शक्यता तरी निर्माण होते.

प्रकाश_आणि_भिंग (पुणे)

साल आणि हिरड्याच्या चामड्याबद्दल मूळ प्रश्नात उल्लेख होता, त्याचे उत्तर राहून गेले. त्या चामड्याचा तपकिरी रंग लॉटनिहाय आणि एकाच कातड्यातही बदलतो. कातडे पिशवीसारखे शिवून त्यात सालीचे पाणी भरण्याच्या पद्धतीने कमावलेले असेल, तर कडेला टाक्यांची भोके आणि पाणी साचलेल्या खालच्या बाजूला गडद छटा असते. वेट ब्ल्यूवर शिकलेले यंत्र या सर्वांना दोष म्हणेल. तळासाठी तुम्हाला पाहायचे काय, तर आरपार भोके, खोल काप आणि जाडी. यांपैकी पहिल्या दोहोंसाठी दोन्ही बाजूंनी तिरपा प्रकाश पुरेसा आहे. जाडीसाठी चामडे ज्या रोलरवरून सरकते त्याच्या वर लेसरची रेषा टाकून उंची मोजणारा एक प्रोफाइल सेन्सर बसवला की कृत्रिम बुद्धिमत्तेची गरजच पडत नाही. तेव्हा पैसे आणि मेहनत आधी वेट ब्ल्यूच्या पट्ट्यावर घालावी. पट्टा बसवताना त्याच्या कडेला करड्या रंगाची एक प्रमाण पट्टी कायमची चिकटवून ठेवावी, म्हणजे दिवे जुने होऊन मंदावले की ते रोजच्या चित्रातच समजेल आणि उन्हाळ्यात शिकवलेले यंत्र पावसाळ्यात का चुकते, याचा शोध भलत्याच ठिकाणी घ्यावा लागणार नाही.